ढेप, बर्फी अन् बोअरचं पाणी

सुलतानपूर
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

सौ. शरयू राजकुमार यांस,

इथं आशीर्वाद लिहायचा असते. मी मोठी नणंद, तुम्ही धाकटी भावजय, म्हणजे तो मलेच लिहायचा आहे. पण सध्या जागा सोडून ठेवली. मनात नसताना लिहिलेला आशीर्वाद कोणाच्या कामाचा?

फोन काऊन नाही केला, असं तुम्ही म्हणसान. तुमचा फोन दिवसभर काजलच्या हातात असते, अन् मले जे विचारायचं आहे ते तिच्या कानावर जायले नको. म्हणून पत्र, अन् तेही घरी नाही, शाळेच्या पत्त्यावर. दुसरं म्हणजे फोनवर तुमचा आवाज लय गोड येते. तो ऐकला का मी विचारायचं सोडून भलतंच बोलते. मागच्या खेपेले 'पोरीले वेळेवर जेवाले देता ना' असं म्हटलं. तुम्ही हसून हो म्हटलं. मी हसण्यावारी म्हटलं नव्हतं.

काम असं आहे. काजलच्या तीन पाण्यातल्या गोगलगायी माह्याजवळ आहेत. ढेप, बर्फी अन् लिमलेट. राजूनं जालन्याच्या दुकानातून काचेच्या पेटीसकट आणल्या होत्या, सुपारीएवढ्या, पिवळ्याधमक. आता चांगल्या लिंबाएवढ्या झाल्या. जूनमधी तुम्ही दोघं पोरीले देऊळगाव राजाले घेऊन गेले तेव्हा गाडीत जागा नाही म्हणून ह्या मागं राह्यल्या. जागा होती. मी मधात गोधड्यांचं गाठोडं ठेवून देल्लं, म्हणून नव्हती.

त्याईच्यापायी काजल मले फोन करते. 'आत्या, ढेपनं काय खाल्लं? बर्फी काचेवर चढली का?' मी सांगते, काकडी खाल्ली, पालक खाल्ला, लिमलेट उलटी पडली होती तर मी सरळ केली. त्याच्यानंतर 'ठेवते आत्या'. माहं गुडघ्याचं दुखणं तिनं एकदाही विचारलं नाही. लेकरू आहे, राग नाही. पण गोगलगायी आहेत म्हणून फोन आहे, एवढं मले कळते. ह्या गेल्या तर फोन गेला.

तर त्याईच्या शंखावर पांढरे डाग पडून राह्यले. टोकाकून साल निघाल्यासारखं दिसते. बोट फिरवलं तर खरबरीत लागते, अन् ढेपच्या शंखाले तर बारीक खड्डा पडला. खाणंबी कमी झालं. दिवसभर शंखाचं दार लावून कोपऱ्यात बसतात.

तुम्ही विज्ञान शिकवता. 'आईला सगळं माहीत असतं,' असं काजल उठता-बसता सांगते. आई. अन् 'आईला', 'आईले' नाही. दोन महिन्यात बोली बदलली पोरीची. तिले जन्म देणारी सुवर्णा गेली तेव्हा काजल नुकती भिंत धरून चालाले लागली होती. मी सासर सोडून माहेरी आलेली, घरची गिरणी चालवत होती. दळण एका हातानं अन् पोरगी दुसऱ्या हातावर, असे दिवस काढले. मले आई म्हणायले लागली तेव्हा मीच फोटोकडं बोट दाखवून शिकवलं, आई ती, मी आत्या. मले वाटलं ते नाव सुवर्णासाठी राखून ठेवून राह्यली. तुमच्यासाठी राखून राह्यली हे कुठं ठाऊक होतं.

असो. औषध असन तर कळवा. पाण्याचं विचारू नका. पाणी मी त्याईले चांगल्यात चांगलं देते.

जयमाला


सुलतानपूर
राखी होऊन दोन दिवस झाले

सौ. शरयू यांस,

राजूसंगं तुम्ही देल्लेलं पाकीट मिळालं. राखी बांधून घेतली, जेवला, अन् निघताना गुपचूप हातात देल्लं. काजल आली नाही. तिले तुमच्या भावाकडं नेलं म्हणे राखीले. बरं झालं, तिले मामा मिळाला. सुवर्णाले भाऊ नव्हता. पुरणाच्या पोळ्या मी तिच्या हिशेबानं केल्या होत्या, त्या शेजारच्या बनाबाईनं खाल्ल्या.

विचारू नका म्हटलं तरी तुम्ही पहिलं पाण्याचंच विचारलं. मग ऐका.

आखाडात काजल एका रविवारी आली होती, तुम्हीच पाठवली. उन्हातून आली म्हणून मी माठातलं पाणी देल्लं. तिनं एक घोट घेतला अन् गिलास खाली ठेवला. म्हणे, आत्या, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आई म्हणते मुतखडा होतो, आम्ही फिल्टरचंच पितो. ह्याच बोअरच्या पाण्यावर ती वाढली. हेच पाणी मी तिच्या दुधात घातलं, हेच तिच्या डोक्यावर ओतलं. बोअरचं पाणी पांढरं आहे, मान्य. पातेल्याले थर बसते, गिझर दोनदा जळला. पण पोरीनं गिलास ठेवला तो ठेवला. ती बॅगीतून आणलेली बाटली प्याली.

दुसऱ्याच दिवशी मी जार लावला. पिंपळाखालचा तो आरोचा प्लांट आहे ना, त्याचा पोरगा सायकलीवर आणून देते. म्हटलं आता आली तर कमी पडाले नको. अन् मग मनात आलं, ती फिल्टरचं पिते तर तिच्या गोगलगायीईनं बोअरचं काऊन प्यावं? पेटीतलं जुनं पाणी पूर्ण उपसलं, काच घासली अन् जारचं भरलं. मी स्वतः पेते बोअरचंच. जार फक्त तिच्यासाठी अन् त्याईच्यासाठी.

पाकिटातल्या तुमच्या त्या कागदाच्या पट्ट्या लावून पाह्यल्या. पेटीतल्या पाण्यात बुडवली तर पिवळी झाली. तुम्ही रंगाचा तक्ता देल्ला त्यात पिवळा म्हणजे आंबट. नळीखालचं बोअरचं पाणी घेतलं तर हिरवी-निळी. म्हणजे हेच पाहिजे. तुमचं समजावणं मी तीनदा वाचलं. शंख चुन्याचा असते, आरो पाण्यातला सगळा चुना काढून टाकते, अन् मग ते उपाशी पाणी शंखातूनच चुना काढून घेते. जे झिजलं ते भरून येत नाही, पण पाणी सुधरलं तर तोंडाकून नवीन शंख गुळगुळीत येते. रोज एकच तांब्या जुनं पाणी काढायचं, एकच तांब्या बोअरचं घालायचं, घाई करायची नाही. संगं आयुर्वेदिक दुकानातून समुद्रफेन, म्हणजे ते चुन्याचं हलकं हाड, आणून एक तुकडा टाकायचा, म्हणजे पाणी कसंही असलं तरी शंखाले पुरते.

सगळं कळलं. एकच नाही कळलं. माहं बोअरचं पाणी गोगलगायीले चालते, पोरीले चालत नाही, हे तुम्ही शाळेत कसं शिकवता?

अन् शेवटी तुम्ही हळूच लिहिलं, पोळ्याले आम्ही सगळे येतो, काजलले त्याईची लय आठवण येते, तर येताना पेटी घेऊन जाऊ. मी ते वाचून गिरणी बंद केली. बाहेर तीन डबे दळणाचे होते, बाया बोंबलल्या. शरयूबाई, त्याईले एसटीचे धक्के सोसणार नाहीत. मेल्या म्हणजे? विचार करा.

जयमाला


सुलतानपूर
पोळा आठवड्यावर आला

शरयू यांस,

ढेप मेली.

रोज एक तांब्या, असं तुम्ही लिहिलं होतं. मी चार-पाच दिवस तसंच केलं, समुद्रफेन मात्र इथं मिळालं नाही. पट्टी पिवळ्याची हिरवट होऊन राह्यली होती. पण शंख तसेच, खड्डे तसेच. अन् पोळा जवळ येऊन राह्यला. काजल येईन, पेटीत वाकून पाहीन, अन् म्हणन, आत्याजवळ ठेवल्या तर काय हाल केले. तोंडानं नाही म्हणणार, ती तशी नाही. पण तुमच्याकडं पाहीन. अन् तुम्ही काही न बोलता पेटी उचलसान. मले ते सोसणार नव्हतं.

बनाबाई ओट्यावर तंबाखू मळत बसली होती. तिले सांगतलं, शंख चुन्याचा असते अन् चुना कमी पडला. तिनं कमरेची डबी काढली. म्हणे, मग चुना टाक ना माय, एवढं काय त्यात. मलेबी पटलं. तुम्हीच तर लिहिलं होतं ना, चुन्याचा. मी बोटावर घेतला अन् पाण्यात कालवला. कमी वाटला म्हणून अजून घेतला.

पाणी ताकासारखं झालं. तिघीईनं दार लावलं. मी म्हटलं औषध लागू होऊन राह्यलं. गिरणीतून परत आली अन् पट्टी लावली तर गर्द निळी, जांभळ्याकडं गेलेली. तक्त्याच्या पार शेवटचा रंग. बर्फी अन् लिमलेटले काढून बोअरच्या पाण्याच्या पातेल्यात ठेवलं. ढेप दार उघडं टाकून लोंबत होती. वास आला.

कढीपत्त्याखाली पुरली. रडली. गोगलगायीसाठी रडणारी बाई सुलतानपुरात मीच असन.

आता ऐका, मी तुमच्यापुढं कधी हात पसरला नाही. पोरगी नेली तेव्हाबी नाही. आज पसरते. काजलले हे सांगू नका. पोळ्याले येसान तेव्हा म्हणजा का ढेप दगडाच्या मागं झोपली आहे, त्याईले झोप लय असते. तुम्ही म्हटलं का ती मानते. तुमचं सगळं मानते. मागून मी राजूले जालन्याले पाठवून तशीच दुसरी आणते.

माह्यावरचा तिचा भरोसा जाऊ देऊ नका. तुमच्याजवळ तर सगळंच आहे.

जयमाला


सुलतानपूर
कर, पोळ्याचा दुसरा दिवस

शरयू,

आता तुले 'तुम्ही' म्हणत नाही. दम लागते.

तुहं उत्तर पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. दोनच ओळी. 'ताई, मी काजलशी खोटं बोलत नाही. बाकी तुम्ही म्हणाल तसं.' मी तो कागद चुलीत टाकला. म्हटलं ही मोठी हरिश्चंद्राची नात आली.

काल तुम्ही आले तेव्हा तू मुद्दाम बाहेरच्या पायरीवर थांबली, बैलाईले पाह्याच्या निमित्तानं. मले दिसलं ते. म्हणून आत काय झालं ते तुले सांगून टाकते. तिनं तुले तिच्या परीनं सांगतलंच असन, पण माह्या तोंडूनबी ऐक.

चप्पल न काढता पेटीजवळ गेली. बर्फी दिसली, लिमलेट दिसली. म्हणे, ढेप कुठं आहे? मी म्हटलं, दगडाच्या मागं झोपली. तिनं वाकून पाह्यलं. मग सरळ झाली अन् माह्याकडं नाही पाह्यलं. दारातून तुह्याकडं पाह्यलं. तुही पाठ होती, तुले ठाऊक नाही. तिले तुह्या तोंडावरून ओळखायचं होतं का आत्या खरं बोलते का खोटं.

शरयू, मी लय जळली आजवर. तुह्या साडीवर जळली, तुह्या गोड आवाजावर, तिच्या शाम्पूच्या वासावर, दोन वेण्या जाऊन एक पोनी झाली त्याच्यावर. पण त्या पाहण्यानं जेवढी आग झाली तेवढी कशानंच नाही. माह्या खऱ्या-खोट्याचं माप तुह्याजवळ. म्हटलं, मरो. तुह्या तोंडून कळण्यापरीस माह्या तोंडून कळू दे.

मी म्हटलं, ढेप मेली. मी चुना टाकला पाण्यात. माह्या हातानं मेली.

ती माह्याकडं वळली. मग म्हणे, "काऊन टाकला, आत्या?"

'का' नाही. 'काऊन'. तीन महिन्यात पहिल्यांदा. मले हसूबी आलं अन् रडूबी आलं, अन् मी जे बोलाचं नव्हतं ते बोलली. म्हटलं, तू यायच्या आधी मले त्या चकचकीत करायच्या होत्या. तू जार पिते म्हणून मी त्याईलेबी जार देल्ला, त्यानं शंख झिजले. मग घाई केली. तुले त्या इथंच ठेवाव्या वाटल्या पाहिजे म्हणून.

ती रडली. धावत बाहेर आली अन् तुह्या कमरेले मिठी मारली. माह्या नाही. तिथून पुढचं तुले ठाऊकच आहे.

मी पेटी रिकामी करून देल्ली, दोघी स्टीलच्या डब्यात ओल्या पालकावर ठेवल्या. अन् बोअरच्या पाण्याची कॅन भरली. तुले बजावलं का तुमच्या नळाले धरणाचं पाणी, अन् वरून तुमचं फिल्टर. त्यात ह्या जगायच्या नाहीत, ह्याईले हेच पाणी लागते. तू विज्ञानाची बाई. समुद्रफेनाचं तूच मले लिहिलं होतं, पाणी कसंही असलं तरी पुरते म्हणून. मी ते विसरली नव्हती अन् तूबी विसरली नसन. तरी तू हूं का चूं न करता कॅन उचलली अन् राजूच्या हातात देल्ली. काऊन उचलली ते मले रातभर कळलं नाही. मले वाटलं नणंदेचं तोंड बंद करायले उचलली, अन् बसस्टँडवर ओतून देईन.

घरातल्या खिडकीत पेटीची जागा मोकळी आहे. तिथं काही ठेवावं वाटत नाही. फोन येणार नाही आता, कशाले येईन.

जयमाला


सुलतानपूर
घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. सौ. शरयू,

आज जागा सोडत नाही. अखंड सुखी राहा, आवाज असाच गोड राहो, अन् माह्यासारख्या नणंदेची नजर न लागो. लिहिला एकदाचा.

गणपती बसले, उठले, पितरपाट झाला, फोन आला नाही. मी तोंड शिवून कामं केली. बाया दळण घेऊन येत अन् विचारत, 'काजल काय म्हणते?' मी म्हणे मजेत आहे. बनाबाईशी मी बोलणं टाकलं होतं, मग तिच्याशीच बोलाले लागली, कारण दुसरं कोणी ऐकत नव्हतं.

अन् काल दुपारी राजू आला, मागून काजल, हातात रिकामी कॅन. घामानं डबडबलेली. दारातूनच म्हणे, पाणी संपलं, आत्या.

मी म्हटलं, कोणतं पाणी?

म्हणे, बोअरचं. आई म्हणते बर्फी-लिमलेटच्या शंखाले हेच पाणी लागते, दुसरं चालत नाही. दर महिन्याले येऊन न्यावं लागीन. अन् भरायचं कुठून ते फक्त तुलेच माहीत आहे, म्हणून तूच जात जा, असं म्हणे.

मग मांडी घालून बसली अन् सांगत सुटली. शंखाच्या तोंडाशी नवी पट्टी आली, चकचकीत, जुने खड्डे तसेच वर आहेत. लिमलेटनं काचेवर अंडी देल्ली. अन् सांगता सांगता सहज बोलून गेली का पेटीत एक पांढरा, हलका, खडूसारखा तुकडा तरंगते, दोघी त्याले कुरतडत राहतात, आईनं पहिल्याच दिवशी दुकानातून आणला.

मी खाली मान घालून ज्वारी निवडत राह्यली. समुद्रफेन ना तो. पहिल्याच दिवशी आणला ना तू. म्हणजे नळाच्या पाण्यातबी त्या मजेत जगल्या असत्या, अन् तुले ते पक्कं ठाऊक होतं.

'मी काजलशी खोटं बोलत नाही.' हेच लिहिलं होतं ना मले?

ढेपसाठी नाही बोलली. माहं पाप झाकायले नाही बोलली. अन् ह्याच्यासाठी बोलली.

मी काही तुह्यावर जळणं सोडलं नाही, खोटं काऊन सांगू. काल वेणी घालू देल्ली तिनं मले, अन् मधातच म्हणे, आई जरा सैल घालते. जळलीच मी. तरी सैल घातली.

जाताना तिले तहान लागली. मी जारकडं हात नेला. तिनं माठाकडं बोट केलं. म्हणे, एक गिलास प्यालं तर काही मुतखडा होत नाही, आईले विचारलं मी. विचारून आली होती. अर्धा गिलास प्याली. मी उरलेला तिथंच ठेवला होता रातभर, सकाळी तुळशीले घातला.

कॅन भरून देल्ली आहे, म्हणजे राजू म्हणे गळ्यापर्यंत भर, परत परत खेप नको. मी म्हटलं लेकराले जड होते. अर्धीच भरली. लवकर संपन.

तुही,
जयमालाताई